मास्तरांच्या फटफटीचा चुकणारा ठोका

सुखदेव मास्तरांवर अन्याय झाला. कधी झाला, तेही सांगते: मी चौथीत होते त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या रस्त्यावरच्या जंगलनाक्यापाशी. नाक्याचं नाव लिहीत नाही. ज्यांनी केलं त्यांना ते ठाऊक आहे.

सुखदेव मास्तर म्हणजे माझे मोठेबाबा, बापाचे थोरले भाऊ. तेलुगू मुलखातल्या आदिलाबादच्या ह्या कोपऱ्यातल्या मराठी शाळेवर त्यांनी जन्म काढला. त्या सकाळी त्यांची फटफटी जप्त झाली. सोळा वर्षांनी, ह्या उन्हाळ्यात, ती परत मिळाली. तोवर मास्तर राहिले नव्हते, आणि फटफटीचा कार्बोरेटरही राहिला नव्हता.

मी तिला जप्तीच्या आवारातून आणायला गेले तेव्हा ती बोरीच्या झुडपात उभी होती. उभी म्हणजे झुडपानं धरून ठेवली होती. टायर मातीत रुतलेले, सीटमधून गवत वर आलेलं, टाकीचा लाल रंग जुन्या मिरचीसारखा काळवंडलेला. इंजिनाच्या बगलेत जिथं कार्बोरेटर असतो तिथं नुसतं उघडं तोंड होतं, आणि त्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. काढून नेणारानं नट मात्र परत हातानं लावून ठेवले होते. घाई नव्हती त्याला. कुलूप सरकारचं, पहारा सरकारचा, आणि चोर कोण ते सरकारला माहीत नाही.

कारकुनानं जप्तीची फर्द पुढं केली. त्यावर लिहिलं होतं: मोटारसायकल एक, सागवान लाकूड नग एक. मोटारसायकलपुढं मी सही केली. नग एक कुठं आहे, विचारलं.

"ते निकाली निघालं," कारकून म्हणाला.

"निकाली म्हणजे कुठं?"

"म्हणजे नाही."

तो नग म्हणजे माझा बैल होता.

मी फटफटीजवळ गेले, वाकले आणि त्या उघड्या तोंडाशी नाक नेलं. मला वाटलं होतं गंज आणि माती. पण मातीच्या खालून, फार खालून, जळक्या ऑइलचा वास आला, आणि मी तिथंच बोरीच्या काट्यांत बसले.

*

तो वास म्हणजे आमच्या घरची सकाळ होती. बाकीच्यांच्या घरी चुलीचा धूर आधी उठायचा, आमच्याकडे फटफटीचा. निळा, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. पेट्रोल टाकीत ओतलं की मोठेबाबा ऑइलच्या डब्याचं झाकण माप म्हणून धरत, तेवढं ऑइल घालत, आणि मग आम्ही दोघं मिळून फटफटी डावीउजवीकडं झुलवायचो. आत डुबुक डुबुक वाजायचं. "पाळण्यात घातलं का लेकराले?" असं मोठीआई आतून विचारायची. ती मोठेबाबांची बायको. तिला लेकरू नव्हतं. हे ती हसत विचारायची.

मग माझं काम. कार्बोरेटरच्या डोक्यावर बटणासारखी एक बारकी खुंटी होती. ती दाबून धरायची. आत पेट्रोल चढायचं आणि भरलं की खुंटीच्या कडेनं बोटावर यायचं. गार. भर मे महिन्यातसुद्धा गार.

"आलं का?" मोठेबाबा विचारत.

"आलं."

मी आलं म्हटल्याशिवाय त्यांनी कधी किक मारली नाही. शाळेत माझं कुणी ऐकत नव्हतं, वर्गात मी मागं बसत होते. पण रोज सकाळी एक मोठा माणूस पाय उचलून माझ्या एका शब्दासाठी थांबत होता.

हिवाळ्यात किक सहा-सात बसायच्या. कापसाच्या गाड्या रस्त्यानं जायच्या, त्यांतून उडालेला कापूस बाभळीला लोंबायचा, आणि मोठेबाबा शाल गुंडाळून त्या पांढऱ्या झाडांखालून धूर सोडत निघायचे. उन्हाळ्यात मोहाचा वास इतका दाट असायचा की पेट्रोलचा वास त्याच्यात बुडून जायचा. पावसाळ्यात सागवानाला फुलं यायची, डोंगर पिठासारखा पांढरा दिसायचा, आणि चिखलात फटफटी दर आठवड्याला एकदा तरी अडायची. मग मोठेबाबा प्लग काढून पॅंटच्या पायाला पुसत, पॉलिश पेपरनं घासत, मला म्हणत, "धर, गरम हाय," आणि मी तो फ्रॉकच्या घेरात धरायची. माझ्या प्रत्येक फ्रॉकला पोटापाशी एक काळा ठसा होता. शाळेतल्या पोरी त्यावरून चिडवायच्या. मला तो पदकासारखा वाटायचा.

रविवारी विहारातून वंदना करून आलो की ते मला एक फेरी मारत. गोळीबारात गेलेल्या आदिवासींच्या, इंद्रवेल्लीच्या स्तंभापाशी आले की ॲक्सिलेटर सोडून देत. काऊन, असं मी विचारलं नाही. तिथं सगळेच हळू होतात.

*

"तू काऊन येतेस, मोठीआई? दिवसभर ग्रीसमध्ये बसशील."

"तुले आवाज माहीत हाय काय?"

"माहीत आहे."

"तू नऊ वर्साची होतीस. तुले धूर माहीत हाय. आवाज मले माहीत हाय."

म्हणून ती आली. फटफटी पिकअपमध्ये दोरानं बांधलेली, मोठीआई ड्रायव्हरशेजारी, मी मागं फटफटीला धरून, अशी आमची वरात आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या चांदभाईच्या गॅरेजला पोचली. चांदभाई जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा शेवटचा मिस्त्री. गिऱ्हाईक पाहून तीन भाषा बोलतो. माझी पत्रकं त्यानं भिंतीवर चिकटलेली पाहिली आहेत, त्यामुळं मला लीडर म्हणतो, आणि त्यात अर्धी थट्टा असते.

इंजिन त्यानं आधीच उतरवून आठ दिवस ठेवून घेतलं होतं, आतलं सगळं नवं केलं होतं; आम्ही पोचल्यावर ते गाडीत बसवलं. कुंभारमाशीचं घर त्यानं फोडलं नव्हतं. अख्खं काढून फळीवर ठेवलं होतं. राहिला होता फक्त कार्बोरेटर. त्यानं पोतं अंथरलं आणि त्यावर दोन ठेवले.

एक नवा. खोक्यातला, चांदीसारखा चकचकीत. "ये लगा लो, लीडर. एक किक में स्टार्ट. धुआँ कम, आवाज कम, पेट्रोल कम."

दुसरा जुना. काळपट, कडेला ओरखडे पडलेला. "ये इसी जात का है. एक दूधवाले की गाडी भंगार में गयी, उसका. चलेगा, पर नखरे करेगा."

मी नव्याकडं बोट दाखवलं. माझं म्हणणं साधं होतं. मराठी शाळा एकेक करून बंद होत आहेत, तलमडुगुपासून नार्नूरपर्यंत मला गावोगाव जायचं असतं, बस जिथं जात नाही तिथं पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचायचं असतं. मला चालणारी गाडी पाहिजे होती. भूत नको होतं.

चांदभाईनं नवा चढवला. मी बोट पुढं केलं, सवयीनं. त्या कार्बोरेटरला खुंटीच नव्हती. एक किक, आणि फटफटी सुरू झाली. गुळगुळीत, एकसारखी, शिलाई मशीन चालावी तशी. धूर जवळजवळ नाही.

चांदभाईनं मोठीआईकडं पाहिलं. ती जुन्या टायरवर फडकं टाकून बसली होती.

"हा आवाज कोणाचा बी हाय," ती म्हणाली.

"अम्मा, गाडी है. गाना थोडी है."

"मंग मले काऊन आणलं?"

"मैंने कहाँ लाया? तुम्हारी लीडर लायी."

"लीडर नाही ते. पोरगी हाय आमची," मोठीआई म्हणाली, आणि पदरानं कपाळ पुसलं.

*

तान्हा पोळा आमच्याकडं लेकरांचा सण. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी सजतात. दुसऱ्या दिवशी लेकरं चाकावरचे लाकडी बैल दोरीनं ओढत दारोदार जातात, आणि ज्याच्या दारासमोर बैल थांबला त्यानं बोजारा द्यायचा. मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, एखादं नाणं. द्यायचाच. बैल दाखवल्याशिवाय कुठल्या दारावरून पुढं जायचं नाही, आणि दाखवला तर रिकामं पाठवायचं नाही. हा कायदा आहे. कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्या सगळ्यांना येतो.

आमच्या घरात त्या वर्षी त्यावरून वाद झाला. माझा बाप म्हणाला, आपण हे सण सोडले, नंदी पुजणं आपलं काम नाही. मोठेबाबा म्हणाले, "पूजा कोण करून राह्यलं? पोरीले गावभर फिरवायचा हाय. आणि नंदी नको म्हणू. बैल म्हण. राबते त्याले बैल म्हणतात." शेजारची म्हणाली, पोरीच्या जातीले बैल कायले पाहिजे. मोठेबाबा उठले. ते मागच्या कोठ्यात गेले आणि जू काढून आणलं.

ते जू माझ्या आज्याचं. आजा पाटलाकडं सालदार होता. जू मोडलं तेव्हा पाटलानं ते चुलीत घाला म्हटलं, आज्यानं घरी आणलं. त्याच्या जन्माची मजुरी म्हणून घरात उरलं होतं ते तेवढंच. खांद्यांनी घासून गुळगुळीत झालेलं, वरून काळंभोर. मोठेबाबांनी ते फटफटीला बांधून नार्नूरच्या सुताराकडं नेलं. सुतारानं रंधा मारला तर आतून सोनं निघालं. पन्नास वर्षांचं सागवान आतून काल कापल्यासारखं पिवळं, आणि तसाच तो तेलकट वास.

मी तो बैल कधी पाहिला नाही. हे नीट वाचा. ज्या बैलासाठी मी सोळा वर्षं भांडते आहे, तो मी कधी पाहिलेला नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मोठेबाबा तो आणायला गेले, आणि मी नवा फ्रॉक घालून, दोरी वळून, ओट्यावर बसले. गावातले बैल माझ्यासमोरून गेले. चाकं खडखडत होती. पोरं म्हणत होती, "तुहा बैल कुठी हाय वं? फटफटीवर बसून येऊन राह्यला काय?" मी म्हटलं, "हो."

खरोखर तसाच येत होता तो.

नाका आला. फळी वर होती. त्या नाक्यावरून ते रोज जायचे, कुणी अडवत नसे. थेट निघून आले असते तर आज मी हे लिहीत नसते. पण तान्हा पोळा होता, बैल पुढ्यात होता, आणि दार समोर होतं. मोठेबाबांनी फटफटी बाजूला घेतली, बैल काढला, नाक्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, पोरीचा बैल हाय. पयला बोजारा तुमचा."

टेबलामागचा माणूस नवीन होता, लांबचा होता. त्याला आमची भाषा येत नव्हती, बोजारा माहीत नव्हता. त्याला दिसलं ताजं कापलेलं सागवान.

पुढचं मी लिहीत नाही. पुढचं फर्दीवर आहे.

बाराच्या सुमाराला मोठेबाबा चालत आले. चपलांना चिखल, हातात फटफटीच्या साइडबॅगेतली पुस्तकं. मी ओट्यावरून उठले. माणूस दीड कोस पायी आला होता, त्याचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही. मी विचारलं, "माहा बैल कुठी हाय?"

ते थांबले. मग म्हणाले, "नाक्यावर बांधला, पोरी. चारापाणी तेच करतीन."

मला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं बसनं जाताना मी नाक्याकडं वाकून बघायची, खुंट्याला काही बांधलेलं दिसतं का. हसायचं असेल तर हसा.

*

त्यानंतर मोठेबाबा शाळेत चालत गेले. रिटायर होईस्तोवर. तक्रारअर्ज दिले, तारखेला गेले, पण घरी त्याबद्दल बोलले नाहीत. बैलाबद्दल मात्र बोलायचे. थोडं थोडं, वर्षाला एखादी ओळ. एकदा म्हणाले, डावं शिंग आखूड झालं, सुताराची पटाशी सटकली. एकदा: जुवाला शिवळेचं, बैलाची मान अडवणाऱ्या खुंटीचं, भोक होतं ते तसंच ठेवलं, बैलाच्या पोटातून आरपार. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी म्हणाले, "चाकं म्या केली होती. ऑइलच्या डब्याच्या झाकणाची." मी ते तुकडे जोडत गेले. आज डोळे मिटले की तो मला इतका स्वच्छ दिसतो की तो न पाहिलेला आहे हे पटत नाही.

मागल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटचे चार दिवस बोलणं बंद होतं. पण उजवा हात बाजेच्या कडेला धरलेला, आणि मनगट हळूहळू वळायचं. पुढं, मागं. पुढं, मागं. मला कळायला वेळ लागला. मोठीआईला नाही लागला. ती त्या हातावर हात ठेवून सारखी म्हणत होती, "हळू. फाटा आला. हळू."

*

चांदभाईनं दुसरा कार्बोरेटर उघडला. पेट्रोलच्या टोपलीत एकेक तुकडा धुतला, जेट तोंडानं फुंकला, उजेडाकडं धरून बघितला. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्याची पॅकिंग केली. नवरीचं नाव अर्धं आत गेलं. चढवल्यावर तो बाजूला झाला.

ह्याला खुंटी होती. मी बोट ठेवलं आणि दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग बोट गार झालं.

"आया?" चांदभाईनं विचारलं.

मी बोट खुंटीवर तसंच ठेवलं.

"आलं," मी म्हटलं.

पाचव्या किकला सुरू झाली. आवाज जाड, घशातला. मागून निळा धूर निघाला, गॅरेजच्या पत्र्याला लागला, आणि खाली उतरायला लागला. माझ्यासाठी तेवढंच पुरे होतं. मी मोठीआईकडं वळले.

ती डोळे मिटून बसली होती. मग मान हलवली.

"जवळ हाय. पण मास्तर नाही."

"काय कमी आहे?"

तिनं मांडीवर हात आपटला. ठक, ठक, ठक, आणि चौथ्या वेळेला हात हवेतच राहिला. पुन्हा ठक, ठक, ठक, आणि हवेत. "असं होतं. चौथा ठोका चुकत होता. फाट्यावर आले का मले तव्यापाशी ऐकू येत होतं."

चांदभाई हसायला लागला. "अम्मा, वो बीमारी है. पेट्रोल जादा, हवा कम. मास्टरसाब इतने साल वैसेच चलाये? किसीने ठीक नहीं किया?"

"ते करतो म्हणत होते. मीच करू देलं नाही."

"क्यों?"

मोठीआई त्याच्याकडं, एखाद्या बावळट पोराकडं बघावं तशी, बघत राहिली. "साऱ्याइच्या गाड्या सारख्याच वाजत. मंग मले कसं समजलं असतं, कोण येऊन राह्यलं?"

चांदभाईनं हसणं थांबवलं. मला म्हणाला, तो आता थट्टेत नव्हता, "देखो लीडर. मैं वैसा कर सकता हूँ. हवा का पेंच अंदर लूँगा, हो जाएगा. पर प्लग काला होगा. हर आठ-दस दिन में रुकेगी, जंगल में रुकेगी. धुआँ इतना कि पीछेवाला गाली देगा. तुमको काम की गाडी चाहिए थी ना? नया लगा के दूँ? बोलो."

पोत्यावर नवा कार्बोरेटर चमकत होता. तो घेतला असता तर मी ह्या पावसाळ्यात दुप्पट गावं केली असती. हे मला तेव्हाही कळत होतं, आत्ताही कळतं. आणि एरवी मी हेच सांगत फिरते, जुन्याला कवटाळून बसू नका, पुढं चला.

पण मी मोठीआईचा हात पाहिला. मांडीवर तो अजून वाजत होता. तीन वेळा आवाज, एक वेळ नाही.

"पेच आत घ्या," मी म्हटलं.

त्यानं बारका स्क्रूड्रायव्हर लावला. अर्धा आटा. आवाज जड झाला. आणखी थोडं. धूर वाढला. आणखी केसभर, आणि एकदम फटफटीचा श्वास अडखळला. ठक, ठक, ठक, आणि काही नाही. ठक, ठक, ठक, आणि काही नाही. गेली, आता बंद पडते, असं वाटावं आणि तेवढ्यात तिनं पुन्हा धरावं.

मोठीआई उठली. पदर डोक्यावर घेतला. इकडंतिकडं पाहिलं, गॅरेजच्या कोपऱ्यात माठ होता, तिथं गेली, गिलासात पाणी घेतलं आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. हात पुढं केलेला. घरी ती अशीच उभी राहायची, दारात, आवाज फाट्यावरून वळला की.

रस्त्यावरून ऑटो गेला. सायकलवाला गेला. शेवटी चांदभाई हात पँटला पुसत तिच्यासमोर गेला, दोन्ही हातांनी गिलास घेतला आणि पाणी पिऊन टाकलं.

"शुक्रिया, अम्मा," तो म्हणाला.

*

दुपारी आम्ही दोघी निघालो. मोठीआई मागं एका अंगानं बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर. इंद्रवेल्लीच्या स्तंभापाशी मी ॲक्सिलेटर सोडला. मग आमच्या गावचा फाटा आला. मी वळवायला लागले तर पाठीत बोट रुतलं.

"सीधी चाल."

नाक्याची फळी खाली होती. मी थांबले, इंजिन बंद केलं नाही. धूर आमच्या पुढं गेला, फळीखालून, खिडकीतून आत. एक तरणा गार्ड फोन हातात घेऊन बाहेर आला. माझ्याच वयाचा, किंवा लहान. ते झालं तेव्हा हा शाळेत असेल.

"एंदम्मा?" त्यानं तेलुगूत विचारलं, काय पाहिजे.

मोठीआई खाली उतरली. "माह्या पोरीचा बैल," ती म्हणाली. "मास्तरनं इथं बांधला होता. सोडाले आलो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तेलुगूत सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यानं मागं वळून खोलीत पाहिलं. मीही पाहिलं. टेबल, वही, पाण्याची बाटली, खिळ्याला लावलेला शर्ट. त्यानं खरंच पाहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगते. कोपऱ्यातलं पोतंसुद्धा उचलून पाहिलं. मग म्हणाला, इथं काही नाही अम्मा, आणि फळी वर केली. फटफटी तशीच अडखळत उभी होती.

तर बैल नाक्यावर नाही. जप्तीच्या आवारात नाही. असलं लाकूड कुणी जाळत नाही. म्हणजे तो कुणाच्या तरी घरात आहे. साहेबाच्या असेल, साहेबानं दिलेल्या सोयऱ्याच्या असेल, पुढं आणखी कुणाच्या. सोळा वर्षांत वस्तू लांब जाते. कार्बोरेटर ज्यानं नेला त्यानं ठेवावा. त्याच्यावाचून आमचं निभावलं. बैलावाचून निभावणार नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. वाचता वाचता मान हलवू नका. उठा. टीव्हीखालच्या कपाटात बघा, लेकरांच्या जुन्या खेळण्यांच्या पेटीत बघा. सागवानी बैल, टीचभर उंच. डावं शिंग आखूड. पोटातून आरपार गोल भोक, त्यात तुमची करंगळी जाईल. चाकं पत्र्याच्या झाकणांची. नाकाशी धरलीत तर अजून ऑइलचा वास येईल. तो तुमच्या घरी असेल तर तुम्ही त्याला शोभेचा समजत असाल. तो शोभेचा नाही. तो माझ्या आज्याचं जू आहे आणि माझ्या मोठेबाबांची फटफटी आहे.

तान्ह्या पोळ्याला आम्ही निघणार आहोत, मी आणि मोठीआई. ह्या रस्त्यावरच्या एकेका दारापुढं थांबू. तुम्ही विचारायच्या आधी तुम्हाला कळेल कोण आलं ते: तीन ठोके नीट आणि चौथा चुकलेला. तो ऐकलात की दार उघडा आणि आमचा बैल बाहेर आणून द्या.